पतंगमानवाची कथा : साक्ष, शकुन आणि काकतालीय न्याय

१

ज्या कथेचा पहिला सांगणारा कोण हे कळत नाही, तिला आपण लोककथा म्हणतो. आणि तो कळत नाही म्हणूनच तिच्या घडणीविषयी जे काही बोलावयाचे ते अभ्यासकाला बहुधा अनुमानाने बोलावे लागते. कथेचे अनेक पाठ समोर असतात, त्यांतील समान भाग वेगळा काढता येतो. परंतु कोणता तपशील केव्हा आला व कोणाच्या हातून आला, हे निश्चयाने सांगणे सहसा शक्य नसते. विसाव्या शतकात मात्र अशा काही आख्यायिका जन्मास आल्या, की ज्यांची पहिली वार्ता कोणत्या दिवशी छापली गेली हे ठाऊक आहे आणि ज्यांच्या वाढीच्या प्रत्येक टप्प्याचा लेखी पुरावा उपलब्ध आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला अशा आख्यायिका विशेष उपयोगी पडतात. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील ‘मॉथमन’ अथवा पतंगमानव ही त्यांपैकीच एक होय.

या कथेचा विचार सामान्यतः दोन बाजूंनी होत आला आहे. विज्ञानाला अज्ञात असलेल्या प्राण्यांचा शोध घेणारी क्रिप्टोझूऑलॉजी, म्हणजे गूढप्राणिविद्या, तिच्याकडे एखाद्या अनोळखी प्राण्याचा पुरावा म्हणून पाहते. आणि चिकित्सक मंडळी तिच्याकडे ओळखण्यात झालेली चूक म्हणून पाहतात. दोन्ही पक्षांचा प्रश्न एकच आहे : त्या रात्री दिसले ते काय होते? हा प्रश्न गैर नाही; पण तो अपुरा आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या कथेतील खरी विचारणीय गोष्ट प्राणी ही नसून, तो प्राणी आणि पुढे तेरा महिन्यांनी घडलेली एका पुलाची दुर्घटना यांच्यामध्ये जोडला गेलेला संबंध ही आहे. हा संबंध मूळ साक्षीत नाही. तो मागाहून जोडला गेला, प्रामुख्याने ग्रंथांतून दृढ झाला. आणि तो मान्य केला म्हणजे ४६ माणसांच्या मृत्यूचे कारण वाचकाच्या दृष्टीआड जाते.

२

प्रथम घटनाक्रम पाहू. ओहायो व कनावा या नद्यांच्या संगमावर पॉइंट प्लेझंट नावाचे छोटे गाव आहे. गावाच्या उत्तरेस काही मैलांवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील दारूगोळ्याच्या कारखान्याचा ओसाड परिसर आहे. तेथे तयार होणाऱ्या स्फोटकाच्या नावावरून लोक त्याला ‘टीएनटी एरिया’ म्हणत. १५ नोव्हेंबर १९६६ च्या रात्री दोन तरुण विवाहित जोडपी मोटारीतून त्या बाजूस गेली असता त्यांना माणसाएवढी किंवा त्याहून उंच, करड्या रंगाची, पाठीशी मिटलेले पंख असलेली एक आकृती दिसली. तिचे डोळे मोठे, लाल आणि मोटारीच्या दिव्यांच्या प्रकाशात चमकणारे होते. ते घाबरून गावाकडे निघाले, तेव्हा ती आकृती पंख फारसे न हलवता मोटारीबरोबर उडत आली, असे त्यांनी सांगितले. त्याच रात्री त्यांनी पोलीस अधिकाऱ्याकडे जाऊन हकीकत कथन केली आणि १६ नोव्हेंबरला ‘पॉइंट प्लेझंट रजिस्टर’ या स्थानिक पत्राने ती छापली.

त्या पहिल्या बातमीचा मथळा अभ्यसनीय आहे. दिसलेल्या वस्तूसाठी त्यात एका नावावर भागलेले नाही : माणसाच्या आकाराचा पक्षी, एक जीव, काहीतरी, असे तीन शब्द एकामागून एक आले आहेत. पहिला शब्द सर्वांत निश्चित व शेवटचा सर्वांत अनिश्चित आहे. साक्षीदारांना जे दिसले ते नेमके सांगता येत नव्हते, हे त्या मथळ्याने प्रामाणिकपणे नोंदविले आहे. पुढे या कथेचे जे अनेक पाठ झाले, त्यांपैकी कोणत्याही पाठात ही अनिश्चितता टिकलेली नाही.

यानंतर कित्येक आठवडे त्या परिसरातून अशाच वार्ता येत राहिल्या. त्यांत एक गोष्ट विशेषच ध्यानात घेण्यासारखी आहे. क्लेंडेनिन गावाजवळ दफनभूमीत खड्डा खणणाऱ्या माणसांना १२ नोव्हेंबरला, म्हणजे तीन दिवस अगोदर, माणसासारखी उडणारी आकृती दिसली होती, अशी हकीकत आता पुढे आली. आजच्या बहुतेक पुस्तकांत कथेचा आरंभ या दफनभूमीपासून होतो. कारण दिनदर्शिकेच्या क्रमाने ती घटना पहिली आहे. पण सांगण्याच्या क्रमाने ती पहिली नाही. आख्यायिकेच्या अभ्यासात घडल्याचा क्रम आणि सांगितल्याचा क्रम हे दोन वेगळे क्रम मानावे लागतात. पहिल्या वार्तेने एकदा साचा तयार करून दिला, म्हणजे पूर्वीचे संदिग्ध अनुभवही त्या साच्यात बसू लागतात. यात लबाडी असतेच असे नाही. स्मृती ही साठवलेली वस्तू जशीच्या तशी परत देत नाही, ती आठवतेवेळी नव्याने रचना करते, हे बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच प्रयोगांनी दाखविले आहे.

३

दुसरा टप्पा नावाचा. या प्राण्याला पतंगाचे नाव का मिळाले? पहिल्या साक्षीत पतंग कोठेच नाही. आहे तो पक्षी. ना मिशा, ना केसाळ अंग, ना दिव्याभोवती घिरट्या. तथापि काही दिवसांतच ‘मॉथमन’ हे नाव रूढ झाले. ते एखाद्या वृत्तपत्राच्या संपादकीय मेजावर तयार झाले असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याच वर्षी, जानेवारी १९६६ मध्ये, अमेरिकेत ‘बॅटमॅन’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली होती व ती अत्यंत लोकप्रिय झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे नावाचा साचा कोठून आला हे वेगळे सांगावयास नको.

नाव ही या आख्यायिकेतील पहिली मोठी प्रक्षिप्त भर होय. नाव नव्हते तोवर प्रत्येक साक्षीदाराला स्वतःच्या अनुभवाचे वर्णन करावे लागत होते. नाव मिळाल्यावर ‘तो मला दिसला’ एवढे म्हणणे पुरेसे झाले. वर्णनांतील परस्परविरोध नावाखाली झाकले गेले, आणि ‘काहीतरी’ होते त्याचा ‘तो’ झाला.

नावामुळे आणि ग्रंथामुळे वस्तूची जातच कशी बदलते, याचे आणखी एक उदाहरण आफ्रिकेतील आहे. फ्रँक मेलँड या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९२३ च्या आपल्या पुस्तकात तेव्हाच्या उत्तर ऱ्होडेशियातील, म्हणजे आजच्या झांबियातील, काओंडे लोकांच्या ‘कोंगामाटो’ची माहिती दिली आहे. या नावाचा अर्थ होड्या उलथविणारा असा सांगतात; नदी ओलांडताना त्याच्यापासून रक्षण व्हावे म्हणून ते लोक तोडगा वापरीत. अर्थात काओंडे समाजात ही नदीच्या उतारावरील भयाची कथा होती. मेलँडने लोकांना लुप्त झालेल्या उडत्या सरीसृपाचे चित्र दाखविले व त्यांनी ते ओळखले. तेव्हापासून यूरोपीय वाचकांसाठी कोंगामाटो हा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा जिवंत उरलेला प्राणी होऊन बसला. नदी, होडी आणि तोडगा हे तीनही घटक, म्हणजे ज्यांत त्या कथेचा जीव होता ते सर्व, नव्या पाठातून गळून गेले. १९५५ मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झालेल्या बर्नार ह्युवेलमान्स यांच्या अज्ञात प्राण्यांवरील ग्रंथापासून गूढप्राणिविद्येला शास्त्राची शिस्त लावण्याचा प्रयत्न सुरू झाला. त्यामागील परिश्रम आदरास पात्र आहेत. परंतु लोककथेतून प्राणी तेवढा सोलून घ्यावा आणि बाकीचा भाग टाकून द्यावा, ही या विद्येची मूळचीच खोड आहे.

४

१५ डिसेंबर १९६७ रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास, वाहनांची गर्दी असताना, पॉइंट प्लेझंट आणि ओहायो राज्याचा किनारा यांना जोडणारा ‘सिल्व्हर ब्रिज’ कोसळला. ४६ माणसे मरण पावली. त्यांपैकी दोघांचे मृतदेह कधीच सापडले नाहीत. पहिल्या दर्शनाला तेव्हा बरोबर तेरा महिने झाले होते. या दोन घटना एका कथेत आणणारी दोन प्रमुख पुस्तके आहेत : ग्रे बार्कर यांचे ‘द सिल्व्हर ब्रिज’ (१९७०) आणि जॉन कील यांचे ‘द मॉथमन प्रॉफेसीज’ (१९७५).

बार्कर हे वेस्ट व्हर्जिनियाचेच लेखक. उडत्या तबकड्यांविषयी बोलणाऱ्यांना गप्प करणारे काळ्या वेषातील गूढ पुरुष, ही कल्पना त्यांच्याच १९५६ च्या पुस्तकाने लोकप्रिय केली, आणि १९५७ मध्ये एका बनावट पत्राच्या प्रकरणातही त्यांचा हात होता. वृत्तान्त आणि कल्पित यांच्यातील सीमा त्यांनी कधी फारशी पाळली नाही, आणि पुलावरील पुस्तकातही ती पाळलेली नाही. त्यामुळे पुरावा म्हणून त्या पुस्तकाचे मोल अल्प आहे. परंतु एक गोष्ट त्याच्या शीर्षकानेच सिद्ध केली : पंख असलेल्या प्राण्याच्या कथेला पुलाचे नाव मिळाले. तेव्हापासून पूल हा त्या कथेचा शेवट ठरला, आणि शेवट ठरल्यावर आधीची प्रत्येक घटना त्या शेवटाची पूर्वसूचना म्हणून वाचली जाऊ लागली.

कील यांचे पुस्तक अधिक गंभीरपणे घ्यावयास हवे. कील हे व्यवसायाने वार्ताहर. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या पुस्तकाचे नावच ‘जादू’ असे आहे व त्यात भारतातील गारुडी, दोरीचा खेळ आणि हिमालयातील हिममानवाचा माग यांच्या हकीकती आहेत. डिसेंबर १९६६ पासून ते पॉइंट प्लेझंटला अनेकदा गेले, लोकांशी बोलले, टिपणे काढली. अनोळखी माणसाची भीड मोडून त्याला बोलते करण्याची हातोटी त्यांच्याजवळ होती. मॉथमन हा अज्ञात पक्षी आहे, हे साधे मत त्यांनी स्वीकारले नाही, हेही त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. देव, भुते, तबकड्या आणि राक्षसी प्राणी ही सर्व एकाच अदृश्य शक्तीची मायावी रूपे आहेत, असा त्यांचा सिद्धान्त होता.

या पुस्तकाचे पहिले प्रकरण हा त्याचा सर्वोत्कृष्ट भाग आहे. १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये एका वादळी रात्री काळ्या पोशाखातला एक उंच, दाढीवाला अनोळखी माणूस एका घराचे दार ठोठावतो व टेलिफोन मागतो. घरातील माणसे त्याला आत घेत नाहीत. पुढे पूल कोसळतो आणि त्या घरात सांगितले जाऊ लागते की, त्या रात्री आलेला तो साक्षात सैतान होता, संकटाची वर्दी देण्यास आला होता. मग कील वाचकाला सांगतात, तो माणूस मीच. माझी मोटार बंद पडली होती. अपशकुन मागाहून कसा घडतो, एखादी सामान्य घटना नंतरच्या आपत्तीच्या प्रकाशात कशी काळीकुट्ट दिसू लागते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण लोकसाहित्याच्या पाठ्यपुस्तकातही मिळणार नाही.

दुर्दैवाने स्वतःच मांडलेला हा धडा कील पुढील प्रकरणांत विसरतात. दाढीवाल्या पाहुण्याच्या बाबतीत जो न्याय त्यांनी लावला, तोच न्याय पंखवाल्या आकृतीला लावला असता तर पुस्तकाचे शीर्षकच उरले नसते. शीर्षकातील भाकितांचीच गोष्ट घ्या. कील यांच्याच सांगण्याप्रमाणे गूढ सूत्रांकडून त्यांना मिळालेल्या सूचना अशा : तुर्कस्तानच्या भेटीत पोपवर प्राणघातक हल्ला होईल, ओहायो नदीकाठी एखाद्या कारखान्यावर संकट येईल, आणि १५ डिसेंबर १९६७ ला अध्यक्ष जॉन्सन व्हाइट हाउसच्या नाताळवृक्षाचे दिवे लावतील त्या क्षणी देशभर वीज जाईल. पोप सहावे पॉल १९६७ च्या जुलैमध्ये तुर्कस्तानला जाऊन सुखरूप परतले. नदीकाठचा कारखाना जागच्या जागी राहिला. दिवे लागले आणि वीज गेली नाही. कील न्यूयॉर्कमध्ये दूरचित्रवाणीसमोर अंधाराची वाट पाहत बसले असता बातमी आली ती पुलाची. पुलाविषयी भाकीत नव्हतेच. तारीख जुळली, नदी जुळली. घटना जुळली नाही. तरीही कथनाची गती अशी ठेवली आहे की, वाचकाला भाकीत खरे ठरल्याचाच प्रत्यय यावा. वाङ्मयीन कौशल्य म्हणून हे मोठे आहे, पण पुरावा म्हणून त्याचे मोल उलट बाजूस पडते. कारण जी भाकिते तपासता येतात ती खोटी ठरली आहेत.

५

येथे आपल्या परंपरेतील दोन संकल्पना उपयोगी पडतात. त्यांतील पहिली शकुनाची. टिटवी रात्री ओरडली किंवा घुबड घरावर बसले म्हणजे अशुभ, हा समज महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. पहाटे दारी येणारा पिंगळा तर पक्ष्याची बोली आपल्याला कळते असे सांगूनच भविष्य वर्तवितो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत शकुनांवर अनेक अध्याय आहेत. पक्षी कोणत्या दिशेस, कोणत्या वेळी, कसा ओरडला तर कोणते फळ, याचे नियम त्यांत दिले आहेत. हे नियम आज आपण मानत नाही, हा भाग वेगळा. पण त्यांचे तार्किक स्वरूप असे की, नियम अगोदर ठरलेला असतो, चिन्ह नंतर दिसते आणि फळ त्याच्याही नंतर येते. फळ आले नाही तर शकुन खोटा पडला असे म्हणता येते. याला आपण पूर्वशकुन म्हणू. मॉथमनच्या बाबतीत १९६६ मध्ये असा कोणताही नियम नव्हता. लाल डोळ्यांची आकृती दिसली म्हणजे पूल पडतो, असे कोणी म्हटले नव्हते. पुलाचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. फळ आधी आले व चिन्ह मागाहून शोधले गेले. याला पश्चात्‌शकुन म्हणावयास हवे. आणि पश्चात्‌शकुनाचा विशेष हा की, तो कधीच खोटा पडू शकत नाही.

दुसरी संकल्पना काकतालीय न्यायाची. कावळा ताडावर बसावयास आणि ताडाचे फळ पडावयास एकच वेळ आली. तेवढ्यावरून कावळ्याने फळ पाडले असे ठरत नाही. मराठीत आपण कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गाठ पडली असे म्हणतो. पॉइंट प्लेझंटच्या कथेत तर पाखरू आणि फांदी यांची वेळही एक नाही. दर्शनांचा मोठा ओघ १९६६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधला. पूल पडला पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात. कथेने हे अंतर आटवून टाकले आहे. २००२ मध्ये निघालेल्या ‘द मॉथमन प्रॉफेसीज’ या चित्रपटात सर्व घटना तत्कालीन वर्तमानात आणून सलग केल्यामुळे तर ते पुरतेच नाहीसे झाले.

६

मग फांदी का मोडली? या प्रश्नाचे उत्तर ज्ञात आहे, आणि ते कोणत्याही भाकितापेक्षा अधिक अस्वस्थ करणारे आहे. सिल्व्हर ब्रिज १९२८ मध्ये बांधलेला झुलता पूल होता. तारांच्या दोरांऐवजी तो साखळ्यांवर टांगलेला होता. साखळीची प्रत्येक कडी दोन्ही टोकांस भोक असलेल्या, ‘आयबार’ नावाच्या लांब पोलादी पट्ट्यांची होती, आणि या पट्ट्या मोठ्या पोलादी खिळींनी एकमेकींत अडकवलेल्या होत्या. अशा कडीत अनेक पट्ट्या असल्या म्हणजे एक तुटली तरी भार बाकीच्यांवर जातो. येथे प्रत्येक कडीत दोनच पट्ट्या होत्या. ३३० क्रमांकाच्या पट्टीच्या भोकाच्या कडेस सुमारे एकदशांश इंच, म्हणजे अडीच मिलिमीटर खोलीची एक चीर वर्षानुवर्षांच्या ताणाने व गंजाने तयार झाली होती. ती पट्टी तुटली; जोडीची पट्टी खिळीवरून निसटली; आणि पूर्ण पूल थोड्याच वेळात नदीत गेला. १९७० च्या अधिकृत चौकशी अहवालाचा हा निष्कर्ष आहे. ती चीर सांधा उलगडल्याशिवाय दिसणे शक्य नव्हते, आणि पूल बांधला गेला त्या काळी अशा पोलादाला अशा स्थितीत असा रोग जडतो हे अभियंत्यांना ठाऊक नव्हते, असेही त्या चौकशीतून स्पष्ट झाले.

या निष्कर्षात खलनायक नाही. पण जबाबदारी आहे. एक पट्टी गेली तर काय, हा प्रश्न रचनेत विचारला गेला नव्हता. पुलांच्या नियमित तपासणीचा देशव्यापी नियमही तोवर नव्हता. तो या दुर्घटनेमुळे झाला. १९६८ च्या कायद्याने त्याचा पाया घातला आणि १९७१ मध्ये राष्ट्रीय मानके लागू झाली. त्याच धाटणीचा सेंट मेरीज येथील पूल बंद करून पाडण्यात आला. ४६ मृत्यूंचा जर काही अर्थ लावावयाचा असेल, तर तो येथे आहे : त्यानंतर असंख्य माणसे तपासलेल्या पुलांवरून सुखरूप गेली आहेत. पतंगमानवाच्या कथेत या अर्थाला जागा नाही. संकट अटळ होते, कोणीतरी त्याची वर्दी दिली व आपल्याला ती कळली नाही, एवढेच ती सांगते. अटळ मानलेल्या गोष्टीची तपासणी कोणी करीत नाही.

हीच गोष्ट त्या गावाच्या कथेतील इतर दोन धाग्यांविषयी म्हणता येते. दर्शन जेथे झाले तो दारूगोळ्याचा परिसर खरोखरच विषारी होता. १९४२ ते १९४५ या काळात तेथे स्फोटके तयार झाली, त्यांचे अवशेष मातीत व पाण्यात उतरले, आणि १९८३ मध्ये अमेरिकी शासनाने ती जागा देशातील अत्यंत दूषित स्थळांच्या यादीत घातली. कथेच्या काही पाठांत हे विष येते, पण ते प्राण्याला विकृत रूप देणारे द्रव्य म्हणून. माणसांच्या पाण्याचा प्रश्न म्हणून नव्हे. दुसरा धागा कॉर्नस्टॉक या शॉनी जमातीच्या नायकाच्या शापाचा. १७७७ च्या नोव्हेंबरमध्ये, पॉइंट प्लेझंट येथील रँडॉल्फ किल्ल्यात ताब्यात असताना, सैनिकांनी त्याची व त्याच्या मुलाची हत्या केली, हे इतिहासाला ठाऊक आहे. मरताना त्याने भूमीला शाप दिला व पूल त्यानेच पडला, ही मागाहूनची आख्यायिका. निःशस्त्र कैद्याची हत्या हा अन्याय मारणाऱ्यांचा; शापाच्या कथेत मात्र सूड घेणारा म्हणून कॉर्नस्टॉकच उरतो आणि मारणारे पडद्याआड जातात.

न्यू जर्सी राज्यातील ‘जर्सी डेव्हिल’ या पंखवाल्या सैतानाच्या कथेची घडणही याच जातीची दिसते. लीड्स नावाच्या बाईचे तेरावे मूल सैतान होऊन उडून गेले, अशी ती कथा १७३५ च्या सुमाराची म्हणून सांगतात. परंतु इतिहासकारांनी दाखविल्याप्रमाणे तिच्या मुळाशी सतराव्या शतकाच्या अखेरचा एक धार्मिक व राजकीय कलह असण्याचा संभव मोठा आहे. डॅनियल लीड्स हा पंचांगकर्ता क्वेकर पंथीयांच्या विरोधात गेला, तेव्हा त्यांनी त्याला सैतानाचा हस्तक ठरविले. कलह विसरला गेला. ‘लीड्स’ व ‘सैतान’ ही जोडी तेवढी उरली. पुढे जानेवारी १९०९ मध्ये वृत्तपत्रांनी एक आठवडाभर या सैतानाच्या वार्ता छापल्या, आणि फिलाडेल्फियाच्या एका प्रदर्शनात कांगारूला रंगवून व खोटे पंख लावून तो सैतान म्हणून दाखविण्यातही आला. माणसांचे भांडण निघून जाते आणि पंख उरतात, हा क्रम येथेही आहे.

७

चिकित्सक पक्षाच्या मतांचाही येथे परामर्श घेणे न्याय्य होईल. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील वन्यजीवतज्ज्ञ रॉबर्ट स्मिथ यांनी त्याच काळात सुचविले की, दिसला तो वाट चुकलेला सँडहिल क्रौंच असावा : उंच, करडा आणि डोळ्यांभोवती तांबडा भाग असलेला पक्षी. पुढे जो निकेल यांनी घुबडाच्या बाजूने युक्तिवाद केला. दिव्यांचा झोत पडला असता घुबडाचे डोळे लाल चमकतात आणि अंधारात, शेजारी मापाला काही नसताना, आकाराचा अंदाज सहज चुकतो, हे त्यांनी दाखविले. ही उपपत्ती सर्वांत कमी गृहीते करते, म्हणून ती अधिक ग्राह्य वाटते.

तरीसुद्धा ‘घुबड होते’ असे म्हटले म्हणजे अभ्यास संपला, हे मत स्वीकारता येत नाही. घुबड पाहणारी माणसे जगात रोज असतात. त्यांतून आख्यायिका रोज जन्मत नाहीत. डेव्हिड हफर्ड यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात रात्रीच्या भयप्रद अनुभवांविषयी जी पद्धत सांगितली, ती येथे मार्गदर्शक आहे : साक्षीदाराने केलेला अर्थ मान्य करण्याची गरज नाही, पण त्याच्या अनुभवाचे वर्णन काळजीपूर्वक ऐकले पाहिजे. त्या दोन जोडप्यांनी पक्षी नीट ओळखला नसेल. परंतु ते खरोखर भ्याले होते व त्याच रात्री पोलिसांकडे गेले. ओसाड कारखाना, रात्र, मोटारीच्या दिव्यांपलीकडचा अंधार हे सर्व त्या अनुभवाचे घटक आहेत. चिकित्सक साक्षीकडे अस्पष्ट छायाचित्रासारखे पाहतो, आणि गूढप्राणिविद्येचा उपासकही तसेच पाहतो. एकाला त्यात घुबड दिसते, दुसऱ्याला राक्षस. साक्ष ही भाषेत केलेली कृती आहे, तिला ऐकणारा असतो, प्रसंग असतो, आणि पुढच्या प्रत्येक सांगण्यात ती बदलते, हे दोघांच्याही नजरेतून सुटते.

८

आपल्याकडे पाठचिकित्सेची परंपरा दृढ आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ पासून १९६६ पर्यंत जवळजवळ अर्धशतक खपून सिद्ध केली. हस्तलिखितांच्या तुलनेने प्रक्षेप वेगळे काढणे, ही त्या कार्याची पद्धत. मौखिक कथेला ही पद्धत जशीच्या तशी लावता येत नाही, कारण तिला मूळ संहिता अशी बहुधा नसतेच. परंतु दिनांकित पहिली वार्ता असलेल्या आधुनिक आख्यायिकेला ती बऱ्याच अंशी लागू पडते. मॉथमनच्या बाबतीत तिचा उपयोग केला म्हणजे थर स्पष्ट होतात : नोव्हेंबर १९६६ मध्ये एक अनिश्चित पक्षी, लवकरच वृत्तपत्रीय नाव, डिसेंबर १९६७ नंतर पुलाशी नाते, १९७० व १९७५ च्या ग्रंथांतून भाकिताचे रूप, आणि २००२ नंतर चित्रपट, उत्सव व पुतळा. चेर्नोबिलच्या १९८६ च्या अपघाताआधीही असाच काळा पक्षी दिसला होता, अशी कथा पुढे पसरली; तेव्हा हे रूप आता गावाचे बंधन सोडून कोणत्याही आपत्तीला चिकटू लागले आहे. प्रक्षेप ठरला म्हणून तो भाग फेकून द्यावयाचा नसतो. तो केव्हाचा आहे हे जाणून वाचावयाचा असतो.

शेवटी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल की, पतंगमानव नसता तर त्या पुलाची आणि त्या माणसांची आठवण बाहेरच्या जगाने ठेवली असती काय? हा आक्षेप टाकून देण्याजोगा नाही. पॉइंट प्लेझंटमध्ये २००२ पासून दरवर्षी सप्टेंबरात मॉथमनचा उत्सव भरतो, २००३ पासून त्याचा चकाकत्या धातूचा पुतळा उभा आहे, आणि त्या निमित्ताने दूरदूरचे लोक गावात येतात. दुर्घटनेत गेलेल्यांचे स्मारकही गावात आहे. पुतळा पाहण्यास आलेल्यांपैकी काही जण त्या नावांपर्यंत जात असतील, तर तेवढे श्रेय कथेला दिलेच पाहिजे. आपत्ती सोसलेल्या समाजाने तिला रूप द्यावे, नाव द्यावे, तिच्याशी खेळावे, यात गैर असे काही नाही. लोकसाहित्याचे ते एक जुने कार्य आहे.

परंतु समाजाने कथा सांगणे वेगळे आणि ग्रंथकाराने ती वृत्तान्त म्हणून मांडणे वेगळे. कथेकडून आपण तपासणीची अपेक्षा करीत नाही, वृत्तान्ताकडून करतो. कील यांचे पुस्तक ज्या वाचकाच्या हाती पडते, त्याला दाढीवाल्या पाहुण्याचे पहिले प्रकरण पुरते समजले असेल, तर उरलेल्या पुस्तकावर तो विश्वास ठेवणार नाही. आणि ते समजले नसेल, तर तीनशे तीसाव्या पट्टीवरील चिरेची चौकशी करण्याचे त्याला कारण उरणार नाही. टीकाकाराचे काम पहिल्या प्रकारचा वाचक तयार करणे हे आहे. आपल्याकडील आपत्तींभोवती जमलेल्या कथांचा, मग त्या धरणांच्या असोत, घाटांच्या असोत वा साथींच्या असोत, असाच थरवार अभ्यास होण्याची गरज आहे. त्यासाठी वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांतील पहिली वार्ता, शासकीय चौकशीचे अहवाल आणि आज प्रत्यक्ष सांगितली जाणारी कथा ही तीनही साधने एकत्र ठेवून वाचली पाहिजेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे काम हाती घेण्याजोगे आहे.